ब्राउझरच्या खिडकीतला जुना संगणक

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडचा कारभार मोडी लिपीतून चालत असे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, इंग्रजी अंमल आला आणि काही पिढ्यांनंतर मोडी सहज वाचणारी माणसे दुर्मीळ झाली. त्या काळचा एखादा कागद आज हाती आला, तर तो फाटलेला नसतो, शाईही पुसलेली नसते. अडचण येते ती वाचणाऱ्याची. संगणकाच्या बाबतीत हीच अवस्था यायला दीडशे वर्षे लागली नाहीत. पंचवीस-तीस वर्षे पुरली.

रायपूरच्या गोलबाजारातील पेढ्या, शहराभोवतालच्या भातगिरण्या, शाळा आणि सार्वजनिक न्यास यांच्याकडे पहिला संगणक साधारणपणे १९९० नंतरच्या दशकात आला. हिशेब डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोसारख्या आज्ञावलीत लिहिले जात आणि दर आठवड्याला फ्लॉपीवर उतरवून कपाटात ठेवले जात. पुढे ते संगणक भंगारात गेले, आज्ञावली लिहून देणारा तरुण दुसऱ्या गावी नोकरीला लागला, फ्लॉप्या मात्र कपाटातच राहिल्या. समजा, अशा एखाद्या मराठी शिक्षणसंस्थेच्या फ्लॉपीत १९९४ ते २००१ या काळातील देणगीदारांची यादी आहे. कोणाची रक्कम कोणत्या बँकेत, कोणत्या पावतीने कायम ठेव म्हणून गुंतवली आणि तिच्या व्याजातून कोणाच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती द्यावयाची, याच्या नोंदी आहेत. संस्थेत आज असलेल्या लॅपटॉपला फ्लॉपीची खाचही नाही आणि १९९४ ची आज्ञावलीही तो चालवत नाही. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसच्या काळातील १६ बिटांच्या आज्ञावल्या चालवण्याची सोयच ठेवलेली नाही.

अशा वेळी जुना संगणक शोधत फिरण्याऐवजी नव्या संगणकालाच जुन्याचे सोंग घ्यायला लावता येते. असे सोंग वठवणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. हे तंत्र जुनेच आहे. नवल आहे ते ही आज्ञावली आता ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्या खिडकीत आपण वृत्तपत्र वाचतो किंवा खात्यावरील शिल्लक पाहतो त्याच खिडकीत चालते, याचे. काहीही बसवावे लागत नाही. पान उघडले की काळ्या पडद्यावर स्मृतीची मोजणी सुरू होते आणि थोड्याच वेळात डॉसचे ते ओळखीचे चिन्ह लुकलुकू लागते.

सोंग कशाचे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावर दिसते ते जुन्या संगणकाचे चित्र नव्हे, की त्याचे ध्वनिचित्रमुद्रणही नव्हे. एम्युलेटर संगणकाच्या अंतरंगातील एकेक भागाचे काम स्वतः करतो. बँकेतील जुन्या मंडळींना हे खतावणीच्या भाषेत सांगणे सोपे. क्रमांक घातलेल्या लाखो ओळींची एक प्रचंड खतावणी आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक ओळीत ० ते २५५ यांपैकी एकच आकडा मावतो. ही संगणकाची स्मृती. तिच्यासमोर एक कारकून बसला आहे. त्याच्याजवळ आकडे टिपून ठेवायला चार-आठ चिटोऱ्या आहेत आणि आकड्यांचा अर्थ सांगणारे एक नियमपुस्तक आहे. हा प्रक्रियक. तो एका ओळीवर बोट ठेवतो, आकडा वाचतो, नियमपुस्तकात पाहतो, सांगितलेले काम करतो आणि बोट पुढे सरकवतो. याखेरीज त्याला दुसरे काही येत नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रक्रियक होता. या प्रक्रियकाच्या नियमपुस्तकाप्रमाणे लागोपाठच्या ओळींत १८४, ५, ० असे आकडे आढळले, तर पहिल्या चिटोरीवर ५ लिहावयाचे. त्यापुढे ५, ३, ० असे आले, तर चिटोरीवरील आकड्यात ३ मिळवावयाचे. त्यानंतर १६३, ०, २ असे आले, तर झालेली बेरीज ५१२ व्या ओळीपासून नोंदवून ठेवावयाची. (२ हा आकडा येथे २५६ चा दुप्पट पट दाखवतो, म्हणून ५१२.) बारकाईने पाहणाऱ्याच्या लक्षात येईल की पहिल्या आज्ञेतला ५ ही रक्कम आहे आणि दुसऱ्या आज्ञेच्या आरंभीचा ५ ही ‘मिळव’ अशी आज्ञा आहे. आकडा तोच; अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. व्याजाचा हिशेब असो की पत्त्यांचा खेळ, तळाशी जाऊन पाहिले तर अशाच आकड्यांची रांग लागलेली असते.

एम्युलेटर लिहिणारा हे नियमपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नव्याने उतरवून काढतो. आकड्यांची एक लांबच लांब यादी म्हणजे स्मृती, काही चल म्हणजे चिटोऱ्या, आणि ‘१८४ आला तर हे कर, १६३ आला तर ते कर’ अशी शेकडो कलमे. एक संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाचे काम करू शकतो, हे तत्त्व इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये, म्हणजे तसा संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच, सिद्ध केले होते.

कारकुनाभोवतीच्या वस्तूंचेही सोंग घ्यावे लागते. पडदा घ्या. डॉसच्या रंगीत पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २,००० घरे असत. प्रत्येक घरासाठी दोन आकडे, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, असे एकूण ४,००० आकडे खतावणीच्या ७,५३,६६४ व्या ओळीपासून मांडलेले असत. एखाद्या आज्ञावलीने तेथे ६५ आणि ७ लिहिले की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात करड्या रंगाचा रोमन ‘ए’ उमटे. एम्युलेटर या ४,००० ओळींवर नजर ठेवतो आणि बदल होताच ब्राउझरमधील चित्र बदलतो. कळफलक, घड्याळ, फ्लॉपीची खाच यांचीही अशीच व्यवस्था लावावी लागते. मूळ संगणकातील घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा कारकुनाला टपली मारून ‘वेळ झाली’ असे सांगत असे. ती टपली चुकली तर कित्येक आज्ञावल्या अडून बसतात. सोंग कोठे उघडे पडते, तर बहुधा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या जागीच.

फ्रान्समधील एक प्रयोग

ब्राउझरमध्ये हे सारे शक्य आहे, हे जगाला पटले ते मे २०११ मध्ये. फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी ‘जेएसलिनक्स’ नावाचे एक पान प्रसिद्ध केले. ते उघडताच काही सेकंदांत ब्राउझरच्या आत लिनक्स ही प्रणाली सुरू होई, आणि तिला आपण खऱ्याखुऱ्या संगणकावर नसून एका पानात आहोत, याचा पत्ताही नसे. बेलार हे नाव सामान्य वाचकाला अपरिचित असले, तरी त्यांनी सुरू केलेली एफएफएमपेग ही आज्ञावली जगभर ध्वनिचित्रफितींच्या कामी येते. क्यूएमू हा त्यांचा एम्युलेटरही संगणकतज्ज्ञांच्या नित्य वापरातला आहे. २००९ च्या अखेरीस त्यांनी एका साध्या संगणकावर ‘पाय’ या संख्येचे सुमारे २.७ लाख कोटी अंक काढून उच्चांक केला होता. तो महासंगणकाविना झाला, याचीच तेव्हा अधिक चर्चा झाली.

नवल एवढ्यासाठी की बेलार यांनी वापरलेली जावास्क्रिप्ट ही भाषा असल्या कामासाठी जन्मलीच नव्हती. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला होता. अर्जातील रकाना रिकामा राहिला तर सूचना द्यावी, बटणाचा रंग पालटावा, अशी किरकोळ कामे तिच्याकडून अपेक्षित होती. पण ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांत चढाओढ लागली आणि ही भाषा वर्षागणिक वेगवान होत गेली.

वेगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ८०८८ हा प्रक्रियक सेकंदाला ४७.७ लाख ठोक्यांनी चाले. आजचा मध्यम किमतीचा मोबाईल संचही सेकंदाला दोनशे कोटींच्या आसपास ठोके मारतो. पहिल्या आयबीएम संगणकाचे सोंग त्यामुळे अगदी सहज वठते. उलट त्याचा वेग मुद्दाम आवरून धरावा लागतो, नाहीतर जुन्या खेळातील मोटार पडद्यावर दिसण्यापूर्वीच पलीकडे गेलेली असते. विंडोज ९८ चालवायची म्हटल्यावर मात्र एकेक आज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून, मग ती पाळण्याची पद्धत फार धिमी पडते. रायपूरच्या मराठी घरांत पाहुण्यांसाठी मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी यांच्यात दुभाषाचे काम कोणीतरी करतच असते. तेच भाषण दहा वेळा होणार असेल, तर शहाणा दुभाषा ते एकदा लिहून काढतो आणि पुढच्या वेळी कागद वाचून दाखवतो. नवे एम्युलेटर हेच करतात. पुन्हा पुन्हा येणारा आज्ञांचा गट ते एकदाच भाषांतरित करून ठेवतात आणि पुढे ते भाषांतरच वापरतात. २०१७ पर्यंत चारही प्रमुख ब्राउझरांत आलेल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानक ठरलेल्या वेबअसेंब्ली या तंत्राने हे काम फारच सुकर केले. ‘व्ही८६’ हा मुक्त एम्युलेटर याच पद्धतीने ब्राउझरमध्ये जुन्या विंडोज चालवतो. जेफ पार्सन्स यांच्या ‘पीसीजेएस’चा कल निराळा आहे. वेगापेक्षा मूळ आयबीएम यंत्राशी इमान राखण्यावर त्याचा भर आहे.

या तंत्राचा सर्वांत मोठा सार्वजनिक उपयोग अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या डिजिटल ग्रंथालयाने केला. २०१३ मध्ये तेथे ऐतिहासिक आज्ञावल्यांचा संग्रह खुला झाला. १९७९ मधील व्हिजिकॅल्क, म्हणजे आजच्या एक्सेलची आजी, त्यात वाचकाला स्वतः चालवून पाहता येऊ लागली. जानेवारी २०१५ मध्ये डॉसवरील सुमारे २,४०० खेळ त्यात दाखल झाले. वृत्तपत्रांनी खेळांचीच बातमी केली. वास्तविक हिशेबाच्या आज्ञावल्या जिवंत होणे ही घटना अधिक मोलाची होती.

आणि देवनागरी?

शिक्षणसंस्थेच्या त्या फ्लॉपीकडे वळू. फॉक्सप्रोतील नावे आणि रकमा मुख्य फाईलमध्ये असतात, पण ‘शेरा’ या स्वरूपाचा लांब मजकूर जोडीच्या दुसऱ्या फाईलमध्ये साठवलेला असतो. मुख्य फाईल आजच्या एक्सेलमध्ये उघडली तरी हा जोडमजकूर पुष्कळदा निसटतो, आणि देणगीदाराच्या अटी नेमक्या त्यातच लिहिलेल्या असतात. व्याज कसे वाटावयाचे याचे सूत्र तर फाईलमध्ये नसतेच. ते आज्ञावलीच्या पोटात असते. म्हणून मूळ आज्ञावली चालवून पाहण्याला पर्याय उरत नाही.

ती चालली आणि पडद्यावर मराठीऐवजी उभ्या-आडव्या रेघांचे जाळे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. डॉसला देवनागरी ठाऊक नव्हती. ती दाखवण्यासाठी ‘जिस्ट’ नावाचे एक कार्ड संगणकात बसवले जाई. त्याचे मूळ संशोधन आयआयटी कानपूर येथे झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते देशभर पोहोचवले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली ठरली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. तिच्यात ‘क’चा क्रमांक १७९ आहे. डॉसच्या सर्वसाधारण अक्षरतक्त्यात १७९ या क्रमांकावर चौकटी आखण्यासाठीची उभी रेघ आहे. ‘अ’चा क्रमांक १६४, तेथे डॉसच्या तक्त्यात डोक्यावर नागमोडी रेघ असलेले एक स्पॅनिश अक्षर आहे. एम्युलेटरने सर्वसाधारण संगणकाचे सोंग घेतले असते, जिस्ट कार्डाचे नव्हे. म्हणून कार्ड नसलेल्या या संगणकात ‘क’च्या जागी रेघ उमटते. आकडा मात्र शाबूत असतो, आणि तेच महत्त्वाचे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली असल्यामुळे थोडे अपवाद सोडता आकड्याला आकडा जुळवून हा मजकूर आजच्या मराठीत आणता येतो.

विंडोजच्या काळातील मजकूर याहून चिवट. श्रीलिपी, आकृती किंवा छत्तीसगडच्या हिंदी कचेऱ्यांत घरोघरी असलेला कृतिदेव, या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेवमधील ‘कि’ प्रत्यक्षात फाईलमध्ये ‘एफ’ आणि ‘डी’ अशी दोन रोमन अक्षरे असतात, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. फाँट नाही तर अर्थ नाही. ब्राउझरमधील विंडोज ९८ मध्ये मूळ फाँट बसवला की तीच फाईल जशी छापली गेली होती तशी डोळ्यांसमोर येते. रूपांतराच्या आज्ञावलीने कोठे चूक केली, हे ताडून पाहण्यासाठी असा नमुना समोर असणे फार उपयोगी पडते.

फ्लॉपीपासून पडद्यापर्यंत

एम्युलेटरला प्रत्यक्ष फ्लॉपी देता येत नाही, तिची प्रतिमा द्यावी लागते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ आकडे. गुणाकार केल्यास १४,७४,५६० येतो. तेवढ्याच आकाराची एक फाईल म्हणजे त्या फ्लॉपीची प्रतिमा. यूएसबीला जोडावयाचा फ्लॉपीवाचक त्यासाठी पुरतो. सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी मात्र जुना वाचक आणि त्याला जोडणारी वेगळी पट्टी लागते. रायपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारी ओल चुंबकीय फितीला मानवत नाही. बुरशी दिसत असेल तर ती फ्लॉपी वाचकात घालून पाहण्याचा मोह टाळावा, कारण एका फेरीत फीत खरवडली जाऊ शकते. लेखनबंदी आधी करावी. येथेही गंमत आहे: साडेतीन इंची फ्लॉपीचे कोपऱ्यातील छिद्र उघडे असले की लेखन बंद होते, सव्वापाच इंचीची कडेची खाच उघडी असली की लेखन चालू राहते, ती चिकटपट्टीने झाकावी लागते.

व्ही८६ सारखा एम्युलेटर पान उघडल्यावर वापरणाऱ्याच्याच संगणकात चालतो. निवडलेली प्रतिमा त्याच्या स्मृतीत उघडते. तरीही प्रत्येक परक्या संकेतस्थळाविषयी ही खात्री देता येत नाही. देणगीदारांची नावे आणि खाते क्रमांक असलेली प्रतिमा अनोळखी पानाच्या हवाली करू नये. मुक्त एम्युलेटर स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊन, इंटरनेट तोडून वापरावा. खिडकी बंद केली की आत केलेले बदल बहुधा पुसले जातात. मूळ प्रत सुरक्षित राहते हा त्याचा लाभ. तासभर केलेले काम वाया जाते हा तोटा. अहवाल छापण्याऐवजी फाईलमध्ये उतरवावा आणि बदललेली प्रतिमा बाहेर साठवून घ्यावी. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांना आजही परवाना लागतो. डॉससाठी मात्र १९९४ पासून विकसित होत आलेली फ्रीडॉस ही मुक्त प्रणाली आहे आणि फॉक्सप्रोच्या कामाला ती बहुधा पुरते.

पानाच्या आत रेखाटलेली खिडकी खऱ्यासारखी दिसू शकते, याचा गैरफायदा घेणारेही आहेत. पानातच खोटी खिडकी, तिच्यात खोटी पत्त्याची पट्टी आणि त्याखाली बँकेच्या प्रवेशाचा खोटा रकाना, अशी फसवणूक होते. खरी खिडकी ओढून ब्राउझरच्या चौकटीबाहेर नेता येते, रेखाटलेली नेता येत नाही. एम्युलेटरच्या आत उघडलेल्या कोणत्याही जुन्या ब्राउझरमधून बँकेच्या खात्यात प्रवेश करू नये. त्याची सुरक्षाव्यवस्था कालबाह्य आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

नोंद सापडल्यावर

१९८५ च्या नियमांप्रमाणे बँकांनी काही अभिलेख किमान पाच वर्षे आणि काही किमान आठ वर्षे जपावयाचे असतात. १९९४ ची पावती कोणत्या शाखेची, याचा सुगावा त्यामुळे कित्येकदा ठेवीदाराच्या स्वतःच्या दप्तरातच लागतो. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या २०१४ पासूनच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करतात. तरीही ठेवीदाराचा हक्क संपत नाही. त्याने आपल्या बँकेकडेच मागणी करावयाची असते. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोध घेता येतो. फ्लॉपीतून बाहेर आलेले बँकेचे नाव, पावती क्रमांक आणि ठेवीवरील नेमके नाव हाती असले, तर हा शोध अंधारातला राहत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपलेल्या नोंदीविषयी अटी आहेत. ती पुढे वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे आणि मूळ स्वरूपात, अथवा मूळ माहिती अचूक दाखवते असे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे. एम्युलेटरच्या पडद्यावरील तारखेला मात्र येथे काडीचे मोल नाही. त्याचे घड्याळ १९९८ वर लावता येते. वर्षाचे दोनच अंक ओळखणाऱ्या आज्ञावलीचे व्याज बरोबर यावे म्हणून ते तसे लावावेही लागते. अर्थात छापील अहवालावर १९९८ ची तारीख पडली, म्हणून तो तेव्हाचा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅशमूल्य नमूद करावयाचे असते. हे मूल्य म्हणजे फाईलच्या साऱ्या आकड्यांवरून काढलेला अंगठ्याचा ठसाच. एक आकडा बदलला तरी तो बदलतो. म्हणून फ्लॉपीची प्रतिमा घेतल्याबरोबर, एम्युलेटर सुरू करण्यापूर्वीच, हे मूल्य काढून दोन विश्वस्तांच्या सहीने कागदावर लिहून ठेवावे. पुढील काम प्रतिमेच्या दुसऱ्या प्रतीवर करावे. मूळ फ्लॉपी लखोट्यात बंद करून, वर तारीख घालून, लोहचुंबकापासून दूर, कोरड्या जागी ठेवून द्यावी.